बिनपंजाचं पेटवणं

सांगायचं नव्हतं. असल्या गोष्टी सांगून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. पण पाठच सोडत नाही म्हटल्यावर ऐका, आणि मध्ये फाटे फोडायचे नाहीत.

एका राज्यात कामं एकटी बाहेर पडत नसत. कामं म्हणजे माणसं करतात तीच: झाडणं, दळणं, हाक मारणं, रडणं, ठार मारणंसुद्धा. ती सगळी वेशीबाहेरच्या एका कोंडवाड्यात राहायची. अंगात बळ मायंदाळ, पण नुसतं बळ. दळण्याला विचारा, कोण दळणार? माहीत नाही. कुठं? तेही माहीत नाही. दारात दोघं आल्याशिवाय काम जागचं हलत नसे. एक धनी, 'मी', 'तू', 'तो', 'ती' नाहीतर 'आम्ही', यातलं कुणीतरी. दुसरा वाटाड्या, त्याची नावं 'जात्यावर', 'विहिरीपाशी', 'आजारी भावासाठी' अशी. वाटाड्या पुढं व्हायचा आणि धनी गेरूत हात बुडवून कामाच्या पाठीवर पंजा उठवायचा. पंजा ज्याचा, काम त्याचं. काम थांबवायचं तर 'पुरे' म्हणायचा हक्कही त्याचाच. दुसऱ्यानं घसा फोडला तरी ते कामाच्या कानात शिरत नसे.

तिथं पेटवणं नावाचं एक काम होतं. मुलखाचं भित्रं. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच भ्यायचं. रोज सकाळी 'ती' यायची, पाठीवर पंजा उठवायची, आणि 'चुलीत' नावाची म्हातारी वाटाडी पुढं चालू लागायची. भाकरी टोपलीत पडल्या की 'ती' म्हणायची, "पुरे हं आता." तेवढं ऐकलं की पेटवण्याचा जीव भांड्यात पडायचा. एकदा तिला 'पुरे' म्हणायला जरा उशीर झाला, तर छपराचं गवत करपलं. पुढं आठ दिवस पेटवण्याचं थरथरणं थांबलं नाही.

"अरे, आग तू, आणि घामही तुलाच?" म्हातारी हिणवायची.

"मागं 'ती' आहे म्हणून बरंय, आजी. मागं कुणी नसलं तर?"

"असं कधी होत असतं होय!"

झालं तसंच.

ओढ्यापलीकडच्या वस्तीनं राजवाड्याच्या घोड्यांना आपल्या विहिरीचं पाणी नाकारलं. उन्हाळा कडक, तिथल्या लेकरांनाच पुरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोंडवाड्यावर हुकूम आला: पेटवणं बाहेर काढा. सोबत एक नवा वाटाड्या होता, हातात काठी. नाव 'वस्तीत'.

ते नाव ऐकूनच पेटवणं मागच्या भिंतीला जाऊन चिकटलं.

रखवालदारानं गेरूची परात पुढं केली. "धनी कोण?"

'मी' भर उन्हात घोंगडी पांघरून उभा होता. म्हणाला, "अंगात कणकण आहे. नाहीतर हात दिलाच असता." 'तू'नं 'तो'च्या घराकडं बोट केलं. 'तो' नेमका त्याच दिवशी परगावी गेलेला. उरला 'आम्ही'. अगडबंब असामी, लग्नात पहिल्या पंगतीला, मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. त्यानं पोट खाजवलं.

"आम्ही आहोतच हो. पण आम्ही म्हणजे नक्की कुणाकुणाला धरताय, ते आधी ठरवा."

हुकूम घेऊन आलेला कारकून वैतागला. "वाटाड्या आहे ना? मग झालं तर. पंजाबिंजा राहू द्या. सोडा त्याला."

"बिनपंजाचं?" रखवालदाराची बोबडीच वळली. "साहेब, आजवर असं..."

"तुम्ही ठेवता हात?"

रखवालदारानं दार उघडलं.

पेटवण्यानं दाराचा खांब कवटाळला. "कुणीतरी हात ठेवा हो! वैऱ्याचा असला तरी चालेल! मला 'पुरे' कोण म्हणणार?" पण नको म्हणणं कामाच्या जातीतच नसतं. वाटाड्यानं काठी आपटली, तसं त्याचं अंग आपोआप निघालं.

पहिलं घर पेटलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. दुसरं पेटलं, पुन्हा पाहिलं. माणसं लेकरं काखेला मारून ओढ्यात उतरली. एक म्हातारा दारातली बाज बाहेर ओढत बसला आणि तिथंच राहिला. शेवटचं घर संपलं तसं 'वस्तीत'चंही काम संपलं. त्यानं काठी टाकली आणि पळ काढला. आता पुढं वाटाड्या नाही, मागं धनी नाही. पेटवणं गंजीत शिरलं, गंजीतून बांधावर, बांधावरून थेट गावाच्या कुंपणाला. भीतीनं रडत होतं आणि जाळत होतं.

वेशीवर सगळे गोळा झाले. "पुरे! पुरे!" असा एकच गिल्ला. त्यातला एकही शब्द त्याच्या कानात शिरला नाही.

"अजून वेळ आहे," रखवालदार म्हणाला आणि परात पुढं सरकवली. "कुणीतरी पुढं व्हा, पाठीवर हात टेका आणि मग म्हणा."

सगळे परातीकडं बघत राहिले. हात टेकला की पंजा उठणार. पंजा उठला की जळलेली वस्ती, गंजी, तो बाजेवाला म्हातारा, सगळं त्या हाताचं होणार. धग तोंडाला लागत होती, भुवया करपत होत्या. तरी जो तो एक एक पाऊल मागं सरकला, पण ते आगीपासून नाही, परातीपासून.

तेवढ्यात गर्दीतून 'ती' आली. हाताला अजून पीठ होतं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. हात गेरूत बुडवला, डोळे मिटले आणि तशीच ज्वाळेत गेली. कातडं जळल्याचा वास आला.

"पुरे हं आता," ती म्हणाली.

रोजच्यासारखं पेटवणं विझलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्याला पालथं पाडून पाठ तपासली. पंजा एकच होता. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांनाही तो वाचता आला. 'आम्ही' सगळ्यांच्या पुढं बसला होता, पोटावर हात ठेवून. म्हणाला, "बघा बाई, काय काळीज असतं एकेकाचं!" वस्तीतल्या बायांनी तिच्या तोंडावर राख फेकली. "हिनं थांबवलं! हिनं नाही लावली!" पेटवणं ओरडत राहिलं. पण कामाची साक्ष कोण घेतो? तिला त्याच जळक्या हातानिशी शिवेबाहेर काढलं. जाताना तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

खरं काय ते वेशीवरच्यांना ठाऊकच होतं; पुढं वस्तीलाही कळलं. कळायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत.

कळलं त्या सकाळी कोंडवाड्याच्या आतल्या अंधारातून माफी मागणं उठलं. वापर नाही म्हणून गुडघे धरलेले. लंगडत येऊन दारात बसलं, पाठ बाहेर करून. वाटाड्याही आला, नाव 'तिच्याकडं'. रखवालदार रोज गेरू ओला करून ठेवतो. बाजाराची वाट तिथूनच जाते, त्यामुळं गर्दी बरीच असते. दारापाशी आले की सगळे आकाशाकडं बघतात आणि हात घोंगडीत घेतात. त्यातला एक हात ही गोष्ट सांगणाऱ्याचा, केरबा खुटवडाचा आहे.