ध्यानाचं चित्रण

“…मग या सगळ्यांत खरा कोण होता?” निळकंठबुवांनी विचारलं.

प्रश्न चारुता राजाध्यक्षला होता. योग आणि ध्यानावर माहितीपट करण्यासाठी ती कित्येक वर्षं देशोदेशी हिंडत होती. समुद्रकिनाऱ्यावर आसनं करणारे गोरे, जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून बसणारे कंपनीतले साहेब, डोंगरांतली महागडी शिबिरं… सगळं तिच्या कॅमेऱ्यात होतं.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “कॅमेरा सुरू झाला की माणूस बदलतो, बुवा. पाठ ताठ होते, ओठांवर शांती येते. माझ्या नजरेतून ते सुटत नाही.”

“मग?”

“म्हणून तुमच्याकडे आले. शेवटचं दृश्य तेवढं राहिलंय. तुम्ही भाषणं देत नाही, फोटो काढू देत नाही. तुमचं ध्यान खरं असणार.”

कुडाळच्या पुढे, कर्ली नदीच्या काठी बुवांचा मठ होता. मठ म्हणजे पोफळींच्या बागेतलं एक कौलारू घर आणि पुढे सारवलेली पडवी. बुवा आडोशासाठी झावळ्यांचं झाप विणत बसले होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

“कर चित्रण,” ते म्हणाले.

इतक्या सहज होकार येईल असं चारुताला वाटलं नव्हतं.

“पण मी डोळे मिटले की तूही मिटायचेस. मी हाक मारेपर्यंत उघडायचे नाहीत.”

“मग कॅमेऱ्याकडे कोण बघणार?”

“का? तो आपला आपण चालत नाही?”

चारुता हसली. चालत होता, हे खरंच होतं. तिने कॅमेरा स्टँडवर बसवला, बुवांचा चेहरा नीट चौकटीत घेतला, बटण दाबलं आणि समोरच्या खांबाला टेकून बसली.

दोघांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने पावलं वाजली. स्टँड किंचित करकरला. कॅमेरा पडतोय की काय, या धास्तीने तिच्या पापण्या थरथरल्या. पण शब्द दिला होता. तिने डोळे उघडले नाहीत.

उन्हाची तिरीप सरकली असेल… बॅटरी पुरेल ना?… आवाज नीट येतोय ना?…

मग हळूहळू हे प्रश्नही विरले. नदीचा आवाज तेवढा उरला. आणि त्या आवाजात, कसलीही चाहूल न देता, आई आली.

आई गेली तेव्हा चारुता परदेशात एका शिबिराचं चित्रण करत होती. विमान मिळून घरी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवसकार्य झालं आणि ती लगेच कामाला लागली. खंबीर आहे हो मुलगी, असं नातेवाईक म्हणाले. तिलाही ते पटलं होतं.

“चारुता…”

तिने डोळे उघडले. गाल ओले होते. पडवीतलं ऊन पार अंगणात गेलं होतं. बुवा पायरीवर बसले होते.

कॅमेरा तिच्याकडे वळलेला होता.

“हे काय केलंत?” तिचा आवाज चढला. “मला तुमचं ध्यान हवं होतं!”



तिने रागारागाने चित्रण मागे नेलं आणि पाहू लागली.

छोट्या पडद्यावर ती स्वतः होती. कॅमेरा आपल्यावर आहे हे ठाऊक नसतानाही तिची पाठ ताठ होती. ओठांवर शांती होती.

बराच वेळ तसंच. मग हनुवटी थरथरली. खांदे खाली आले. त्या चेहऱ्यावरचं एकेक आवरण गळून पडलं आणि लहान मुलीसारखं तोंड वेडंवाकडं करून ती बाई रडू लागली.

चारुताने पाहिलं. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. तिचा राग केव्हाच ओसरला होता.

“बुवा,” ती हळूच म्हणाली, “इतकं खरं मला कुठेच मिळालं नव्हतं.”

“हं.”

“शेवटचं दृश्य म्हणून हेच घेऊ का? लोकांना… लोकांना काहीतरी कळेल.”

बुवांनी नदीकडे पाहिलं.

“तू डोळे मिटलेस,” ते म्हणाले, “आणि कॅमेरा फिरवून मी त्याच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, पाहावं तरी, तू काय पाहत असतेस ते.”

“मग?”

“तू रडायला लागलीस.”

“मग?…”

“मला वाटलं, वा! चित्र छान येतंय.”

चारुताची बोटं कॅमेऱ्यावर थबकली.

“आणि मग?” तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“मग मी कॅमेरा तिथेच सोडून नदीवर गेलो.”