आधी पाणी

एकदा एक तरुण एका वृद्ध आबदाराकडे एक पेय शिकायला गेला.

आबदार हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. छावणीच्या त्या गावातल्या जुन्या जिमखान्यात मात्र पेये बनवून देणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत आबदारच म्हणत. या वृद्धांनी चाळीस वर्षे ते काम केले होते आणि मद्याचा थेंबही कधी जिभेवर ठेवला नव्हता. रंग, गंध आणि चमच्याचा आवाज एवढ्यावरून त्यांना सगळे कळे. निवृत्त झाल्यावर ते जिमखान्यामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत.

तरुणाने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. व्हिस्कीची बाटली, बिटर्स म्हणतात त्या कडू अर्काची कुपी, साखरेच्या चौकोनी खड्यांचे खोके, दोन संत्री, जाड बुडाचे चार पेले.

"काका, मला ओल्ड फॅशन्ड शिकवा. तेवढं एकच. रविवारी दुपारपर्यंत हातात बसलं पाहिजे."

"आज गुरुवार," वृद्ध म्हणाले. "एवढी घाई? रविवारी मुलगी बघायला येणार आहे की काय तुला?"

तरुण हसला नाही. "माझा थोरला भाऊ येतोय. जहाजावर असतो. त्यानंच मला हे पहिल्यांदा करून दिलं होतं, घरी, याच पेल्यांत. तीन वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही. आता तो कायमचा बाहेर चाललाय. वडिलांचा फोटो न्यायला दोन तास येणार. पुन्हा येईल असं वाटत नाही."

"आणि तू त्याच्या हातात पेला देणार."

"उत्तम पेला देणार. दोन पोटात गेले की माणूस सैल होतो. मीही होईन. मग मला जे बोलायचंय ते बोलेन."

वृद्धांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. काय बोलायचे आहे, ते विचारले नाही. "येतं तेवढं करून दाखव," म्हणाले.

तरुणाने सगळी कृती फोनवर पाहून पाठ केली होती. पेल्यात साखरेचा खडा टाकला, त्यावर बिटर्सचे तीन थेंब, लगेच व्हिस्की, मग बर्फ. चमचा गरगर फिरवला, संत्र्याची साल पिळून वर सोडली. दीड मिनिटात पेला तयार.

वृद्धांनी तो उचलला, उजेडात धरला आणि शांतपणे मोरीत ओतला. मग पेला तरुणाच्या कानाशी नेऊन त्यात चमचा फिरवला. कर्र, कर्र. साखर तळाशी तशीच बसली होती.

"काका, महागाची होती हो ती."

"मोरीला काय कळतंय. परत कर."

त्याने परत केले. या वेळी खडा आधी चमच्याने चिरडला, व्हिस्की घालून दुप्पट जोराने ढवळले. पेला पुन्हा मोरीत गेला आणि पुन्हा तोच आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तरुण आला तेव्हा बाटली कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होते. टेबलावर फक्त पेला, साखर, कुपी आणि पाण्याचा तांब्या.

"खडा, तीन थेंब, एक चमचा पाणी," वृद्ध म्हणाले. "आवाज थांबेपर्यंत फिरव. डोळे मिटलेस तरी चालेल, बघण्यासारखं काही नाही."

तरुण फिरवू लागला. एक मिनिट गेले, दोन गेली. साखर भिजली, फुटली, पण कण काचेला घासतच होते. त्याला बसवेना.

"साखरेचा पाक आधीच करून ठेवला तर? एका क्षणात काम होईल. सगळे तसंच करतात."

"मीही करायचो. जिमखान्यात शंभर माणसं असली की दुसरं काय करणार? तुझ्याकडे किती येणार आहेत?"

"एक."

"मग ढवळ."

चार मिनिटांनी आवाज थांबला. पेल्यात तपकिरी, नितळ पाणी राहिले. वृद्धांनी मान हलवली आणि म्हणाले, "हं. आता ते ओतून दे आणि नव्यानं कर." त्या दिवशी तरुणाने ते अकरा वेळा केले. व्हिस्कीचे नाव निघाले नाही.

शनिवारी कुलूप उघडले. विरघळलेल्या साखरेवर तरुणाने व्हिस्की घातली, वाटीत गोठवलेला बर्फाचा एकच मोठा तुकडा सोडला, सावकाश फिरवले, साल पिळली. वृद्धांनी पेला नाकाशी नेला. "जमलं," म्हणाले. तरुणाचा चेहरा उजळला. तो सामान आवरू लागला.

"थांब. दादा आल्यावर काय करशील, तेही दाखव. मी दादा."

वृद्धांनी चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतले आणि कडी वाजवली. तरुणाने दार उघडले. "ये दादा, बस," म्हणून तो लगबगीने टेबलाकडे वळला. पेला तयार करून मागे पाहतो तो वृद्ध अजून उंबऱ्याबाहेर, उन्हात उभे. त्याने पेला नेऊन दिला. वृद्धांनी तो घेतला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दार पुन्हा ओढून घेतले.

कडी वाजली. या वेळी तरुणाने "बॅग दे इकडे" म्हणून हात पुढे केला, खुर्ची सरकवली. वृद्ध जागचे हलले नाहीत. त्याने आणून दिलेला पेलाही कट्ट्यावर गेला, दार बंद झाले.

तिसऱ्या वेळी त्याने पेला आधीच करून हातात धरला आणि दार उघडताच पुढे केला. वृद्धांनी पेल्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि दार आधीपेक्षाही हळू लावून घेतले.

तरुणाचा संयम सुटला. त्याने दार उघडले. "काका, उद्या तर तो येतोय. हातात जमलंय म्हणता आणि घेत नाही. काय चुकतंय ते सरळ सांगा ना."

"मी बाहेर उभा आहे, मला कसं कळणार?" वृद्ध उंबऱ्यावरूनच म्हणाले. "मागच्या वेळी दादा दारात आला, तेव्हा काय दिलं होतंस?"

तरुण उंबऱ्याशीच खाली बसला.

"वडील गेले तेव्हा तो भर समुद्रात होता. पाचव्या दिवशी पोचला. बॅग खांद्याला, दाढी वाढलेली. मी दारातच उभा होतो. म्हणालो, 'आटोपलं सगळं. आता कशाला आलास?'"

"आणि?"

"आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मी तिला हातानं मागं सारलं. तो तसाच फिरला. नंतर आत्याला म्हणाला म्हणे, 'मला माझ्या घरात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.'"

वृद्ध आत आले. त्याच्या शेजारी टेकले.

"साखर व्हिस्कीत विरघळत नाही. पहिल्या दिवशी तुझ्याच कानांनी ऐकलंस. व्हिस्की कितीही चांगली असो, कितीही जोरानं ढवळ. साखरेला आधी चमचाभर पाणी लागतं आणि थोडा वेळ लागतो. मग वर कितीही कडक ओत, ती सामावून राहते. तुला दादाची माफी मागायची आहे आणि तू ती थेट मद्यात टाकायला निघालास. तळाशी बसेल रे ती. गप्पा होतील, हसाल, दोन तास जातील आणि खाली करकर चालूच राहील. दोघांनाही ऐकू येईल."

थोडे थांबून ते म्हणाले, "माझ्या हातून चाळीस वर्षं दारूच ओतली गेली, पण मला नाव काय दिलं? आबदार. आब म्हणजे पाणी. पाणी सांभाळणारा. आणि आपण मानालाही आबच म्हणतो. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं की त्याचा आब राहतो. आधी तेवढं कर."

रविवारी दुपारी तरुणाने टेबल मांडले. पेले, साखर, कुपी, बाटली, वडिलांचा फोटो. मग सगळे तसेच ठेवून तो तांब्या भरून दाराशी जाऊन बसला.

दादा आला. कानाशी केस पिकले होते. बॅग खांद्यावरून न उतरवता तो उंबऱ्याबाहेर थांबला. "फोटो तेवढा दे," म्हणाला. "टॅक्सी उभी आहे."

तरुणाने भांडे भरले. तळहातावर गुळाचा खडा ठेवला. दोन्ही पुढे केले. थोडे पाणी उंबऱ्यावर सांडले.

"दादा, त्या दिवशी मी तुला पाणी विचारलं नाही. आत्या देत होती, तिलाही देऊ दिलं नाही. माझं चुकलं."

दादा बराच वेळ त्या गुळाकडे पाहत राहिला. मग खडा उचलून तोंडात टाकला. पाणी उभ्यानेच प्यायला, सगळे, भांडे वर करून. रिकामे भांडे परत देताना म्हणाला, "बाबा शेवटी काही बोलले?"

"तुझं जहाज कुठवर आलं, ते विचारत होते. रोज."

दादाने तोंड फिरवले. नंतर तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. तरुण रस्त्यावर जाऊन टॅक्सी परत पाठवून आला.

आत येऊन दादाने टेबल पाहिले. "हे काय मांडलंयस?"

"ओल्ड फॅशन्ड. तू करायचास तसं."

"पाक घालून करणार असशील."

"नाही. साखरच."

"मग वेळ लागेल, बारक्या."

"लागू दे."

तरुणाने खड्यावर तीन थेंब सोडले, चमचाभर पाणी घातले आणि ढवळू लागला. दादा समोर बसला होता. काचेवरचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.