खवणीवाली विळी

भांडीकुंडी बोलत असत, त्या काळी एका स्वयंपाकघराचा नियम होता. नवी युक्ती घेऊन येईल त्याला चुलीजवळची जागा, आणि नक्कल करेल त्याची रवानगी माळ्यावर.

एके दिवशी टोकाला खवणी बसवलेली विळी तिथे आली. जुनी विळी आणि जुनी खवणी तडक न्यायनिवाडा करणाऱ्या पाट्याकडे गेल्या.

"पातं माझं," विळी म्हणाली.

"आणि दाते माझे," खवणी म्हणाली. "दोन्ही जोडले की झालं! हे कुणालाही सुचलं असतं."

नवी विळी माळ्याकडे बघू लागली. खरंच, तिच्यात स्वतःचं असं होतं तरी काय?

"अगदी बरोबर, बायांनो," पाटा म्हणाला. "चाळीस वर्षं एकाच फळीवर शेजारी राहता. तुम्हाला रोजच सुचत असणार, कामाच्या गडबडीत राहून गेलं, इतकंच. आता जोडून दाखवा, हिला लगेच माळ्यावर पाठवतो."

"दाखवते की! ये गं," जुनी विळी खवणीला म्हणाली, "तू खाली हो, मी वर."

"मी का खाली? तूच हो खाली!"

दुपार झाली तरी दोघींचं वर-खाली ठरेना. शेवटी पाटा नव्या विळीला म्हणाला, "चुलीजवळ बस, बाई, आणि नारळ खवायला घे. यांच्या सोप्या कामाला अजून वेळ लागेल."