डावा खांदा

“...पण मलाच का वगळलं, वस्ताद?”

हिंदुराव वस्ताद शेगडीवर तेल कोमट करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सुजय समोर उभा होता. सतरा वर्षांचं, थोराड अंगाचं पोर. रविवारी जिल्ह्याची निवड होती आणि तालमीतून जाणाऱ्या मल्लांत वस्तादांनी त्याला घेतलं नव्हतं. वर्षभर याच एका रविवारसाठी त्यानं घाम गाळला होता.

“खांदा दुकतोय तुजा,” वस्ताद म्हणाले.

“न्हाई दुकत.”

पंधरवड्यामागं एका डावात तो उजव्या खांद्यावर आपटला होता. तेव्हापासून सदरा घालताना दाराआड जायचा. पण ‘आई गं’ म्हणेल तर तो सुजय कसला? पैलवानानं कण्हायचं नसतं, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं आणि ते एकदाच ऐकून पक्कं बसलं होतं. बाकी शिकवलेलं मात्र दहादा सांगावं लागे.

“अन् दुकलं तरी मी सोसतो. सोसणं म्हंजेच ताकद न्हवं का?”

“बस,” वस्ताद एवढंच म्हणाले.

तो बसला. वस्ताद त्याच्या मागं गुडघे टेकून बसले आणि स्वतः त्याचं अंग रगडू लागले. सुजय पार संकोचला. वस्तादांचं अंग पोरांनी रगडायचं, हा तालमीचा रिवाज. इथं सगळं उलटंच चाललं होतं.

शिवाय त्यांनी धरला होता डावा खांदा.

“वस्ताद, ह्यो डावा हाय.”

“असू दे की. दोनी चांगलं हाईत म्हनलास न्हवं? मग कुटला बी चालंल.”

पुन्हा तेल. पुन्हा डावा खांदा. वस्ताद अगदी मन लावून रगडत होते. शेजारी उजवा नुसता ठणकत होता...

आखाड्यात जोडीदार जोर मारत होते. त्यांच्यासमोर बोलायची सुजयला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचाच राग येत होता. त्यानं दात आवळले.

बराच वेळ गेला.

“...उजवा, वस्ताद.”

“उजव्याचं काय?”

“दुकतोय.”

“किती?”

“लई...” म्हणता म्हणता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जोर मारणारे थांबून बघू लागले. त्यानं तोंड लपवलं नाही.

वस्तादांचा हात उजव्या खांद्यावर आला आणि तिथं नुसता टेकून राहिला.

“उद्या डाक्टरकडं जाऊ. मी येतो संगट.”

“म्हंजे रविवार गेला.”

“गेला.”

“मग हरलोच की मी. कुस्ती न खेळताच.”

वस्तादांनी पंच्याला हात पुसले.

“न्हाई रं,” ते म्हणाले, “आज कुटं तू खरा मातीत उतरलास.”