फणसाच्या भाजीत पाणी

"भन्ते, माझ्या उपसंपदेचं काय ठरवलंत?"

भन्ते उपसेन एका कढईत डोकावून पाहत होते.

"हे काय तळतायत रे?" त्यांनी विचारलं.

श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, सुमेधनं हातातलं पात्र सावरलं. हाच प्रश्न त्यानं विमानतळावर विचारला होता, आणि काल संध्याकाळी वंदनेनंतरही विचारला होता. दोन्ही वेळा भन्ते दुसरंच काहीतरी बोलले होते.

उपसंपदा म्हणजे पूर्ण भिक्षू होण्याची दीक्षा. गुरूनं आपण होऊन नाव पुढे केल्याशिवाय संघ कुणालाही ती देत नाही. वैशाख पौर्णिमेला बोरोबुदूरच्या स्तूपापाशी देशोदेशीचे थोर भिक्षू जमणार होते. त्यांच्यापुढे आपलं नाव जावं, एवढीच सुमेधची इच्छा होती. त्यासाठीच तो गुरूंबरोबर नागपूरहून जावा बेटावर आला होता.

आणि गुरू आज सकाळीच त्याला योग्याकार्ताच्या एका फूड कोर्टात घेऊन आले होते.

पत्र्याचं मोठं छप्पर, त्याखाली कडेकडेनं खाण्याच्या गाड्या आणि मधे लांबलचक बाकं. प्रत्येक गाडीवर रंगीत कापड ताणून त्यावर पदार्थाचं नाव लिहिलेलं. कुठे कोळशावर काही भाजत होतं, कुठे गवती चहाचा वास सुटला होता. एक माणूस ताटलीएवढ्या दगडी पाट्यावर शेंगदाणे वाटत होता आणि वाटता वाटता शेजारणीशी गप्पा मारत होता.

भन्ते प्रत्येक गाडीपाशी थांबत होते. सत्तरी उलटली होती, गुडघे कुरकुरायचे, तरी एकही गाडी त्यांनी सोडली नाही.

"हार्तोनो, हे काय?"

हार्तोनो तिथलाच उपासक. तरुणपणी तो गयेला राहिला होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. "याला तेम्पे म्हणतात, भन्ते. सोयाबीन आंबवून त्याची वडी करतात."

"सोयाबीन?" भन्ते सुमेधकडे वळले. "तुमच्या वाशिमचं पीक. बघ इथं येऊन कसं शहाणं झालंय."

सुमेध हसला नाही.

भन्तेंच्या हातात भिक्षापात्र होतं, आणि ते कुणाकडे काही मागत नव्हते. पण काषाय वस्त्रातला हा म्हातारा आपल्या चुलीकडे इतक्या कौतुकानं बघतोय म्हटल्यावर गाडीवाल्यांना राहवत नव्हतं. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका हार्तोनोला काहीतरी विचारायच्या, मग दोन्ही हातांनी पात्रात घालायच्या. तेम्पे पडलं, शेंगदाण्याची चटणी माखलेल्या भाज्या पडल्या, केळीच्या पानात बांधलेले हिरवे गोळे पडले. भन्तेंच्या पात्रात पडलं की मागच्या सुमेधच्याही पात्रात पडायचं.

भन्ते वास घ्यायचे, नाव विचारायचे आणि ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहायचे.

सुमेधला हे पाहवत नव्हतं.

त्याचं व्रत होतं अस्वादाचं. पात्रात जे पडेल ते तो एकत्र कालवायचा, वर पाणी ओतायचा आणि डोळे मिटून गिळायचा. चिवर घेतलं त्या दिवसापासून एकाही घासाला त्यानं 'छान' म्हटलं नव्हतं. नागपूरच्या विहारात उपासिका आपल्या मुलांना सांगायच्या, "बघा, भन्ते सुमेध कसे जेवतात. नाहीतर तुम्ही, वांगं दिसलं की नाक मुरडता." हे कानावर पडलं की सुमेध मान आणखी खाली घालायचा. पण ऐकायचा सगळं.

शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"भन्ते, भिक्षूनं अन्न औषधासारखं घ्यावं ना?"

"हो."

"मग हे…"

"औषध घेताना तोंड वाकडं केलंच पाहिजे, असं आहे का रे?"

आणि ते पुढच्या गाडीकडे चालू लागले.

ती गाडी शेवटची होती. मातीच्या मोठ्या मडक्यामागे एक म्हातारी बसली होती. ठेंगणीठुसकी, कपाळावर घाम. तिच्या गाडीवरचं कापड विटलं होतं, पण मडकं घासूनपुसून लख्ख होतं.

"या बू सुमिनी," हार्तोनो म्हणाला. "बू म्हणजे आई. इकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात."

"आणि मडक्यात?"

"गुडेग. कोवळा फणस, नारळाचं दूध आणि ताडगूळ. रात्रभर मंद आचेवर ठेवतात. रंग यावा म्हणून सागाची पानं घालतात."

"सागाची?" भन्तेंनी भुवया उंचावल्या. "आम्ही फणसाची भाजी फोडणीला टाकून मोकळे होतो. रात्रभर कोण बसणार तिच्याजवळ?"

हार्तोनोनं सांगितलं तसं बू सुमिनी हसल्या. रात्रभर त्याच बसतात, असं म्हणाल्या. झोप तशीही येत नाही हल्ली, मग मडक्याला सोबत.

त्यांनी भाताची मूद घातली, त्यावर तांबूस फणस घातला आणि एका कडेला लालभडक मिरचीचा ठेचा ठेवला. भन्तेंचं पात्र भरलं. सुमेधचंही भरलं. मग बू सुमिनी कमरेच्या फडक्याला हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

तिघेही बाकावर बसले. उन्हं अजून कोवळी होती. भन्तेंनी डोळे मिटून क्षणभर हात जोडले, मग एक हिरवा गोळा उचलून तोंडात टाकला. आतला पातळ गूळ फुटला आणि ओठांच्या कडेनं चिवरावर ओघळला. भन्ते लहान मुलासारखे हसले. हार्तोनोही हसला. चिवर पुसून भन्तेंनी फणसाचा घास घेतला, सावकाश चावला आणि मान डोलावली.

बू सुमिनींनी तिकडून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारतायत, चव कशी आहे?"

"शब्द कुठला वापरला त्यांनी?"

"रासा."

"रस!" भन्तेंना मोठी गंमत वाटली. "म्हणजे चव?"

"चव पण, भन्ते. आणि मनाला जे वाटतं, ते पण. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द."

भन्ते बू सुमिनींकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "रस उत्तम."

बू सुमिनींना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. मग त्यांनी सुमेधकडे पाहिलं.

सुमेधनं तेवढ्यात आपलं काम सुरू केलं होतं. भातात फणस, फणसात तेम्पे, त्यात ते गोड हिरवे गोळे, वर ठेचा. सगळं पाची बोटांनी कालवून त्याचा गोळा केला. मग बाकावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि धार धरली. पाणी काठापर्यंत आलं. तांबूस रंग फिका पडत पडत गढूळ झाला.

त्यानं डोळे मिटले आणि पहिला घास गिळला.

डोळे उघडले तेव्हा बू सुमिनी बाकापाशी येऊन उभ्या होत्या. हातात रिकामं ताट होतं. त्या हार्तोनोशी हळू आवाजात बोलत होत्या.

"त्या म्हणतायत, काही बिघडलं का? तिखट झालं असेल तर दुसरं वाढते."

"त्यांना सांगा, त्यांचा काही दोष नाही," सुमेध म्हणाला. "मी असंच जेवतो."

हार्तोनोनं सांगितलं. बू सुमिनींनी ऐकलं. मग सुमेधच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, खूप मायेनं, आणि काहीतरी विचारलं.

हार्तोनो घुटमळला.

"काय विचारतात?" भन्ते म्हणाले.

"त्या म्हणतायत… त्यांचे यजमान शेवटी शेवटी असंच जेवायचे. पाणी घालून. घशाखाली काही उतरत नसे. म्हणून विचारतायत, एवढ्या लहान वयात यांना आजार कसला आहे?"

सुमेधचा हात पात्रातच राहिला.

"सांग," भन्ते म्हणाले. "सांग ना. बाई काळजीनं विचारतायत."

सुमेधनं तोंड उघडलं. व्रत, असं सांगायचं होतं. संयम, असंही सांगता आलं असतं. हे शब्द त्यानं कितीतरी वेळा उच्चारले होते, प्रवचनातसुद्धा. पण समोर एक म्हातारी रिकामं ताट घेऊन उभी होती. रात्रभर मडक्याजवळ बसून तिनं जे शिजवलं होतं ते त्याच्या पात्रात गढूळ होऊन तरंगत होतं, आणि तिला राग आला नव्हता. तिला त्याची कीव आली होती.

त्यानं पात्रातला हात बाहेर काढला.

भन्तेंनी हात लांब केला. सुमेधच्या पुढ्यातलं पात्र आपल्याकडे ओढलं. स्वतःचं पात्र त्याच्यापुढे सरकवलं.

"भन्ते, ते उष्टं आहे."

"हं."

"त्यात मी…"

"हं."

आणि भन्ते जेवू लागले. त्या गढूळ पाण्यात बोटं घालून गोड, तिखट, आंबट असा एक झालेला लगदा ते उचलत होते आणि खात होते. घाईनं नाही, मुद्दाम सावकाशही नाही. सुमेध त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. कुठे आठी पडते का, घास कुठे अडतो का… मघाशी गूळ फुटला तेव्हा जसा चेहरा होता, तसाच होता.

"जेव," भन्ते म्हणाले. "निवतंय."

सुमेधनं पुढचं पात्र पाहिलं. भात वेगळा, फणस वेगळा, ठेचा आपल्या कोपऱ्यात. त्यानं फणसाची फोड उचलली. कुणी पाहतंय का म्हणून त्यानं वर पाहिलं. बू सुमिनी पाहत होत्या. विहारात लोक पाहायचे ते वेगळं. ही बाई फक्त, पोटात काही जातंय का, एवढंच पाहत होती.

त्यानं घास तोंडात घातला.

फणस जिभेवर नुसता विरघळला. आधी गूळ लागला, मग नारळ, आणि सगळ्यांच्या तळाशी धुरकट असं काही, चुलीचं. इतक्या दिवसांत तोंडाला असं काही लागलं नव्हतं. जीभ जणू कुठल्या गावाला जाऊन परत आली होती. त्यानं दुसरा घास घेतला. मग थोडा ठेचा लावून तिसरा. डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानं आलं असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं.

पात्र रिकामं झालं तेव्हा त्याला कळलं की आपण डोळे मिटलेच नव्हते.

"भन्ते," तो हळूच म्हणाला, "मला हे आवडलं."

"मला काय सांगतोस? मी थोडाच शिजवलंय?"

सुमेध उठला. बाकावरून वाकून त्यानं हार्तोनोला विचारलं, "चांगलं झालंय, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"एनाक."

तो शब्द तोंडात घोळवत तो गाडीपाशी गेला. बू सुमिनी मडक्याचं झाकण बसवत होत्या. सुमेधनं हात जोडले.

"एनाक," तो म्हणाला. उच्चार चुकला असावा, म्हणून पुन्हा म्हणाला. "एनाक, बू."

बू सुमिनींनी झाकण खाली ठेवलं. चेहरा असा उजळला की शेजारचा शेंगदाणेवाला वाटायचं थांबून बघायला लागला. त्यांनी काहीतरी भराभरा सांगितलं, त्यातलं सुमेधला काही कळलं नाही, आणि त्याच्या दंडावर हात ठेवता ठेवता चिवराचं भान येऊन हात मागे घेतला. मग आपल्याच छातीवर ठेवला.

सुमेध परत आला तेव्हा भन्ते दोन्ही पात्रं धुऊन पुसत बसले होते. गढूळ पाण्यातलं शितही त्यांनी उरू दिलं नव्हतं.

"द्या भन्ते, मी पुसतो."

"झालं माझं."

तो शेजारी बसला. गाड्यांभोवती आता गर्दी वाढत होती. दप्तरं घेतलेली पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया. सुमेध त्यांच्याकडे पाहत राहिला. पोट भरलेलं होतं, अंगावर वारा येत होता, आणि का कोण जाणे, त्याला आज कुणाहून वेगळं असावंसं वाटत नव्हतं.

तो म्हणाला, "व्रत मोडलं माझं."

"मोडलं."

"भन्ते, पौर्णिमेला माझं नाव देऊ नका. मी अजून तयार नाही."

"दिलंय."

सुमेधनं चमकून पाहिलं. "केव्हा?"

"नागपूरहून निघायच्या आधीच कळवलं. संघाचा होकारही आलाय."

"आधीच?"

"हो."

रुसावं, हसावं की पाया पडावं… तो तिन्हींच्या मधे कुठेतरी अडकून बसला.

"तर मग, भन्ते," शेवटी त्यानं विचारलं, "आज मला इथं कशाला आणलंत?"

भन्तेंनी त्याचं पात्र त्याच्या हातात दिलं, गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले आणि म्हणाले,

"मला भूक लागली होती."