ढवळीची कास

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या आधी, एका डोंगराखालच्या गावात चिमाबाई नावाची गवळण राहायची. घरात दुसरं कुणी नाही. एक ढवळी गाय, तिचं वासरू आणि त्या गाईच्या दुधावर चाललेला संसार.

चिमाबाईचा ढवळीवर भारी जीव. सकाळी आंघोळ करून ती गाईला हळदकुंकू वाहायची, ओवाळायची, शिंगांना गेरू लावायची. एवढं झालं की तशीच खाली बसून धार काढायची. गाईच्या मांड्यांवर शेण वाळलेलं, सड चिखलानं माखलेले, गोठ्यात कायम ओल.

शेजारीण म्हणायची, "अगं, निदान कास तरी धुऊन घे!"

चिमाबाई कानाला हात लावायची. "गाईच्या शेणाचा का कधी विटाळ असतो? आपण त्यानं देवघर सारवतो. धुवायचं काय त्यात?"

झालं! शेजारीण बिचारी कपाळावर हात मारून आपल्या घरी जायची.

एका सकाळी दुधातून गाठी आल्या. कास तापलेली, एक सड दगडासारखा कडक. दूध तापवलं तर फाटलं. गिऱ्हाइकं तोंड फिरवून गेली. चिमाबाईनं ठरवून टाकलं, नजर लागली! मग काय, मीठमोहऱ्या ओवाळल्या, गळ्यात काळा दोरा बांधला. गोठा होता तसाच. वासरू भुकेनं हंबरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती ओवाळायला गेली, तर ढवळीनं जन्मात पहिल्यांदा लाथ झाडली. ताम्हण उडालं. चिमाबाई रडवेली झाली. "माझं काय चुकलं गं, बये?"

त्या काळी मुकी जनावरं अगदीच असह्य झालं की बोलत. ढवळी म्हणाली, "बाई, तू रोज माझ्यासमोर हात जोडतेस. मी जिथं बसते, तिथं एकदा बसून बघ."

चिमाबाई बसली. लुगडं भिजलं, घाण अंगाला चिकटली. आधी किळस आली, मग स्वतःचीच लाज वाटली. ती उठली ती खराटा घेऊनच. गोठा खरवडला, कोरडी माती पसरली. त्या दिवसापासून आधी स्वतःचे हात, मग कोमट पाण्यानं कास धुवायची, स्वच्छ फडक्यानं पुसायची आणि मगच धारेला बसायची.

हळूहळू सूज उतरली. तीन सड बरे झाले, दूध निर्मळ येऊ लागलं, गिऱ्हाइकंही परतली. दगडासारखा झालेला चौथा सड मात्र कायमचा आटला. वासरू भूक लागली की नेमकं त्यालाच तोंड लावायचं, ढुशा द्यायचं, ओढत राहायचं. तेवढा वेळ चिमाबाईला गोठ्यात उभं राहवत नसे.

तात्पर्य : ज्याच्या जिवावर आपण जगतो, त्याची पूजा एखादे दिवशी राहिली तरी चालेल, निगा मात्र राहून जाता कामा नये.