राजगाडीचं अभ्यंगस्नान

खडकमाळच्या भुजंगराव महाराजांची गाडी काही केल्या टेकडी चढेना! गाडी कसली, तर गोल्फची. म्हातारा हत्ती विकून महाराजांनी ती आणवली होती. गोल्फ म्हणजे काय हे विचारायची दरबारात कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर महाराजांनाही ते ठाऊक नव्हतं. पण गाडीला छत होतं आणि छताला झालर लावता येत होती. राजाला आणखी काय हवं!

सहा महिने मुहूर्ताची वाट बघत गाडी टेकडीवरच्या राजवाड्यात नुसती उभी होती. चार दिवसांपूर्वी मुहूर्त लागला. महाराज ऐटीत बसले, भुर्रकन खाली उतरले आणि खालीच अडकले! इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं काही हलायची नाहीत. मग पायी जायचं? छे, भलतंच! महाराजांनी पायथ्याशी तंबू ठोकला. वरून राणीसाहेबांचा रोज निरोप यायचा, "जेवायला येताय, की ताट झाकून ठेवू?"

पाचव्या दिवशी महाराज खवळले. "गाडी चढत नाही ना? मग टेकडी खणून सपाट करा!"

"आणि माती कुठे टाकायची, महाराज?" राजपुरोहित अनंतभटांनी विचारलं.

महाराजांनी आजूबाजूला बघितलं. समोर सगुणाची पिठाची गिरणी होती. "टाका त्या गिरणीवर!"

झालं! सगुणा होती तशी, पिठाने माखलेली, धावत आली. नवरा गेल्यापासून गिरणी ती एकटीच चालवत होती. गिरणी गेली तर ती आणि तिची सासू खाणार काय, दगड?

"महाराज, टेकडी राहू द्या. गाडी मी चढवते!"

"तू? तुला काय येतं गं?"

"दळण येतं."

दरबारी खो खो हसले. सगुणा म्हणाली, "हसा खुशाल! गिरणीतही पट्टाच फिरतो आणि गाडीतही फिरत असणार. एकदा सुरू करून दाखवा तर खरं."

महाराजांनी आसन उचललं. खाली दोन लोखंडी चकत्या आणि त्यांच्यामध्ये पट्टा. "हा क्लच," महाराज रुबाबात म्हणाले. "इंजिन जोरात फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात, चकत्या जवळ येतात आणि पट्टा घट्ट धरतात. असं विकणारा सांगत होता!"

इंजिन सुरू झालं. पट्टा जागच्या जागी सटकायला लागला आणि करपलेल्या तेलाचा वास सुटला. सगुणाने तो वास लगेच ओळखला. गिरणीच्या पट्ट्यावर एकदा तेलाचा डबा कलंडला होता, तेव्हा अख्खा दिवस दळण बंद पडलं होतं.

"याला तेल कोण घालतं?"

"मी!" अनंतभटांनी छाती फुगवली. "खंडेनवमीला साध्या विळी-कोयत्याचीही पूजा होते. ही तर राजगाडी! रोज पहाटे पळीभर तिळाचं तेल, तेही मंत्र म्हणून!"

सगुणाने ओठावर आलेलं गिळून टाकलं. भटजी महाराजांचे गुरू. त्यांची चूक काढली तर गिरणीआधी आपलीच मान जायची!

"ऐक!" महाराज गरजले. "गाडीतलं काही काढायचं नाही, नवीन काही बसवायचं नाही, राजगाडीला तुझा हात लागता कामा नये. आणि गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळाली पाहिजे! सूर्य मावळायच्या आत जमलं नाही, तर माती तुझ्या गिरणीवर!"

बघ्यांनी कपाळाला हात लावला. सगुणाने मात्र पदर खोचला. "भटजीकाका, दिवाळीत अंगाला तेल लावून झालं की पुढे काय करता?"

"पुढे काय म्हणजे? उटणं लावायचं, कढत पाण्याने न्हायचं!"

"आणि न्हायचं राहूनच गेलं तर?"

"शिव शिव! तसं तेलकट अंगाने कुणी बसतं का?"

"मग या बिचारीला सहा महिने तसंच बसवलंत?"

अनंतभटांचा चेहरा पडला. "अरे देवा! घात झाला! उटणं आणा! पाणी तापवा!"

उटणं कुठलं मिळतंय! सगुणाच्या गिरणीतून पायलीभर बेसन आलं. सोवळं वर खोचून भटजी कामाला लागले. बेसन चोळलं की काळ्या गोळ्या गळायच्या. वर रिठ्याचं पाणी. सगुणा चार हात लांब उभी राहून सांगत होती, "काका, पट्ट्याच्या दोन्ही कडा चोळा! आतल्या खाचाही!"

खाचांमध्ये ती वजनं तेलाच्या चिकट्यात घट्ट रुतून बसली होती. ती सुटली आणि खुळखुळायला लागली. मग दुपारभर सगळं कडक उन्हात वाळवलं, कारण ओला पट्टाही सटकतोच.

सूर्य कलला तेव्हा महाराज गाडीत बसले. मागे अनंतभट मंत्र म्हणायला बसले. महाराजांनी पाय दाबला मात्र, आणि गाडी उसळलीच! मंत्र अर्ध्यावर तुटला, "मेलो, मेलो!" सुरू झालं. झालर उडाली, भटजींची पगडी उडाली. गाडी टेकडी चढून राजवाड्याच्या दारातून थेट जेवणघरात जाऊन थांबली.

"आलात? हात धुऊन घ्या," राणीसाहेब म्हणाल्या.

पण महाराज हट्टी! जेवण सोडून परत खाली आले. "सगुणा, अट मोडलीस! गाडीतलं तेल काढलंस!"

"तेल गाडीचं नव्हतं, महाराज, काकांचं होतं. त्यांनीच घातलं, त्यांनीच काढलं. मी हात लावला असेल तर सांगा!"

"बरं! पण पहिल्यापेक्षा जोरात कुठे गेली? त्या दिवशी उतरताना काय भन्नाट सुटली होती!"

"उतारावर भोपळासुद्धा पळतो, महाराज! गाडी आज पहिल्यांदा पळाली. त्या दिवशी तुम्हाला पळवलं ते टेकडीने, आणि तुम्ही तिलाच खणायला निघालात!"

महाराजांनी टेकडीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग असे हसले, असे हसले, की पोट धरून खालीच बसले! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं, गिरणीची जागा इनाम लिहून दिली. "आणखी माग!"

"राजवाड्याचं दळण डोक्यावर घेऊन मी टेकडी चढते, महाराज. मान मोडते अगदी."

तेव्हापासून दर सोमवारी पिठाचे डबे न्यायला महाराज स्वतः गाडी घेऊन गिरणीच्या दारात यायला लागले!